हक्कसोड

अर्धा किलो गांडुळं दिली इम्तियाजनं
ओल्या गोणपाटात, वर माझा पत्ता लिहून,
जसं काही त्यांनाच शोधत यायचं होतं धनकवडीला.
रिक्षात मांडीवर घेऊन बसले.
लिंबू नाही, कांदा नाही, मीठ-तिखट नाही, मावशी.
बाळंतिणीचं पथ्य सांगावं तसं.
आणि ओल किती? तर फडकं पिळल्यावर
हाताला लागते तेवढीच.

अंथरायला कागद हवा.
पेपर कधीच बंद केलाय मी.
माळ्यावर मात्र होता एक खोका, सुतळीनं बांधलेला:
दिवाणी दावा. वादी कुमुदिनी, प्रतिवादी भालचंद्र.
फुरसुंगी, अकरा गुंठे, एकोणीस वर्षं.

दादा म्हणाला होता, हक्कसोडवर सही कर,
बहिणी करतातच की. साडी घेऊ.
मी म्हटलं, साडी नको.
एवढंच बोललो आम्ही. बाकीचं वकिलांनी लिहिलं.

शिवाजीनगरच्या कोर्टात एकाच बाकाची दोन टोकं,
मध्ये त्याचा डबा, माझी पिशवी.
तोवर दोन बांधांपलीकडे
शहराचा कचरा टेकडीएवढा झाला,
विहिरीचं पाणी आधी पिवळं, मग चहासारखं.
आणि रोज सकाळी
माझी बादलीही तिकडेच जात होती की.
हे मला कुणी विचारलं नाही,
उलटतपासणीतसुद्धा.

निकाल लागला. कुणाचा, ते सोडा.

आधी टाचण्या काढल्या, वाटीभर निघाल्या.
मग उभ्या पट्ट्या फाडत बसले:
सबब, मिळकत, येणेप्रमाणे,
पूर्वेस ओढा, पश्चिमेस सामायिक बांध.
भिजवल्या, पिळल्या, पसरल्या.

पहिल्या आठवड्यात चुकले. माया जास्त केली.
फोडणीचा भात घातला; वास सुटला,
चिलटं आली, खालच्या नातूबाईंचा फोन आला.
रात्री दिवा लावून पाहते तर
सगळी क्रेटच्या कडेनं वर चढलेली,
एक तर पार देव्हाऱ्यापर्यंत.
त्याला विजेच्या बिलावर घेतलं, नेऊन सोडलं.
रागावले नाही.
निघालेल्याला रागावून काय होतं.

मग जमत गेलं. चैत्रात वर ओलं गोणपाट,
मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या.
चहाचा चोथा आवडतो त्यांना. पपईची सालं फार.
स्टॅम्पपेपर मात्र जड गेला,
आषाढ सरला तरी एक कोपरा दिसायचा,
त्यावर निम्मा शिक्का.
त्याच्याखालीच सापडली पहिली अंडी,
मोहरीएवढी, लिंबाच्या घाटाची, मधाच्या रंगाची.
मी शेजारी कुणाला तरी दाखवणार होते.
राहून गेलं.

बादली न्यायला येणारी मंगल म्हणाली,
ताई, हल्ली रिकामीच असते. जेवता ना?

दिवाळीनंतर उपसलं. उन्हात चादर, चादरीवर ढीग.
उजेड सोसत नाही त्यांना, खाली खाली जातात;
आपण वरचा थर काढायचा, थांबायचं,
पुन्हा काढायचा. दुपार गेली त्यात.
साडेतीन किलो भरलं.
नाकाशी नेलं तर विहिरीच्या आतल्या भिंतीचा वास,
आधीच्या विहिरीचा.

माघात दादा आला. गुडघा बदललेला, लिफ्ट नाही,
चार मजल्यांचा दम घेत पाणी प्याला.
बाल्कनीतले टोमॅटो पाहिले, बोटानं एक हलवला.
आमच्याकडे कढीपत्ता धरतच नाही, म्हणाला.
मी उरलेलं काट्यावर तोललं,
बरोबर अर्धं पिशवीत भरलं.

कशाचं गं हे?
देठं, सालं, म्हटलं. थोडा कागद.

त्यानं चिमूट उचलून तळव्यावर चोळली,
अण्णा चोळायचे तशी, अंगठ्यानं, कडेकडेनं.
एक पोरसवदा गांडूळ निघालं त्यात.
ते परत आत सोडून
पिशवीचं तोंड त्यानं सैल बांधलं.